व्यापाऱ्याने निवडणुकीचा निर्णय एक आर्थिक वर्ष आधी घ्यावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रशासकांच्या प्रदीर्घ कारभारानंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. दुकानदार, कारखानदार, बांधकाम व्यावसायिक, हॉटेलचालक असे अनेक जण त्यांत उतरले, आणि 'पुढच्या वेळी आपणही उभे राहू' असे म्हणणारे त्याहून जास्त आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. मालमत्ता कर, बाजारपेठेतील रस्ते, गटारे, पार्किंग, परवाने यांचा रोजचा जाच ज्याला माहीत आहे, असा माणूस सभागृहात हवाच. पण व्यापाऱ्याची उमेदवारी नोकरदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या उमेदवारीपेक्षा कायद्याने जास्त नाजूक असते, कारण तो ज्या संस्थेत निवडून जाऊ पाहतो, त्याच संस्थेशी त्याचे करार, बिले, भाडे आणि परवान्यांचे संबंध आधीपासून असतात. हे संबंध अर्ज भरायच्या आठवड्यात सुटत नाहीत. म्हणून ज्यांना खरोखर उभे राहायचे आहे, त्यांनी किमान एक आर्थिक वर्ष आधी वहीखाते उघडून बसावे, एवढ्यासाठी हे पत्र. करसल्लागाराच्या टेबलावर ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या इथे मांडतो.

आधी एक साधी बाब. नगरपरिषद किंवा महापालिका लढवायची तर उमेदवाराचे नाव त्या संस्थेच्या मतदार यादीत असावे लागते आणि वय २१ पूर्ण असावे लागते. दुकान भर पेठेत, पण राहते घर हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत, अशी स्थिती आता मोठ्या गावांभोवती सर्रास दिसते. दुकानाचा मालमत्ता कर वीस वर्षे भरला म्हणून मतदारपण मिळत नाही. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची यादी तयार होते, त्यामुळे नाव मुळात विधानसभेच्या यादीत योग्य पत्त्यावर हवे. सूचकाचेही, म्हणजे अर्जावर आपले नाव सुचवणाऱ्या मतदाराचेही, नाव तपासून ठेवावे. उमेदवार त्याच शहरातील दुसऱ्या प्रभागाचा मतदार असला तरी चालतो, पण सूचक ज्या प्रभागातून लढायचे तिथलाच लागतो.

आता खरा मुद्दा. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ चे कलम १६, महापालिका अधिनियमाचे कलम १० आणि ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चे कलम १४ या तिन्हींत एक समान अट आहे: त्या संस्थेच्या आदेशाने चाललेल्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात उमेदवाराचा, स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असता कामा नये. हे वाचून बहुतेक व्यापारी म्हणतात, 'आपण कुठे ठेकेदार?' मग विचारत गेले की एकेक निघते. नगरपरिषदेच्या टँकरला डिझेल आपल्या पंपावरून जाते, तेही उधारीवर. झेरॉक्स व छपाईचा वार्षिक दरकरार आपल्या प्रेसकडे आहे. पाणीपुरवठ्याच्या मोटारींचे रिवाइंडिंग आपल्या वर्कशॉपमध्ये होते. मंडप आणि खुर्च्या जयंतीला आपल्याकडून जातात. जेसीबी भाड्याने दिलेला आहे, पण ठेका दुसऱ्याच्या नावावर आहे. यातले प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागते.

कायद्याने काही सूट ठेवली आहे. स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा किंवा खरेदी-विक्री, कर्जाचा करार, ज्या वर्तमानपत्रात संस्थेची जाहिरात येते त्यातला हिस्सा, कंपनीतील निव्वळ भागधारक असणे, नेहमीच्या व्यापारातल्या मालाची ठरावीक अल्प रकमेपर्यंतची प्रासंगिक विक्री, अशा गोष्टींमुळे तेवढ्यानेच अपात्रता येत नाही. म्हणून पालिकेच्या गाळ्यात भाडेकरू असलेला दुकानदार केवळ भाडेकरू आहे म्हणून बाद होत नाही. भाडे थकले असेल तर मात्र थकबाकीच्या वेगळ्या अटीने बाद होऊ शकतो. सूट तिन्ही कायद्यांत शब्दशः सारखी नाही. आपल्याला लागू असलेल्या कायद्याचे पोटकलम वकिलाबरोबर बसून प्रत्यक्ष वाचावे, शेजारच्या गावात काय चालले त्यावर विसंबू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'काम कधीच संपले' या समजुतीने. रस्ता, गटार, इमारत दुरुस्ती अशा कामांत काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्व कालावधी सुरू होतो. त्या मुदतीत खड्डा पडला, गळती लागली, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असते आणि त्यासाठी बिलातून सुरक्षा ठेव कापून ठेवलेली असते. म्हणजे शेवटचे बिल निघाले तरी करारातील एक जबाबदारी शिल्लक असते. विरोधी उमेदवाराच्या वकिलाला हेच हवे असते. माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची) नक्कल, कार्यादेश आणि ठेवीच्या रकमेची नोंद काढून तो छाननीच्या टेबलावर ठेवतो. करार जिवंत आहे की संपला, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो, पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तो ऐकून घ्यायला काही तासच असतात. म्हणून रांग अशी लावावी: काम पूर्णत्वाचा दाखला, अंतिम बिल, दोषदायित्वाची मुदत संपल्याचे पत्र, ठेवीचा परतावा, आणि शेवटी 'आपल्या संस्थेकडे कोणताही करार किंवा येणे-देणे बाकी नाही' असे लेखी पत्र. यातल्या प्रत्येक कागदाला महिने लागतात. नवी निविदा भरणे तर ठरवल्याच्या दिवसापासून बंद करावे.

ऐन वेळी फर्म पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर करणे हा आवडता उपाय आहे आणि तो सगळ्यात कच्चा आहे. नुसते नाते असल्याने हितसंबंध सिद्ध होत नाही, हे खरे. पण गोदाम तेच, बँक खात्यावर सही तीच, जीएसटी नोंदणीतला मोबाइल क्रमांक तोच, आणि हस्तांतर अर्जाच्या पंधरा दिवस आधीचे असेल, तर 'अप्रत्यक्ष' या शब्दासाठी आणखी पुरावा लागत नाही. भागीदारीतून बाहेर पडायचे असेल तर तेही रीतसर हवे. निवृत्तीचा करारनामा केला आणि कपाटात ठेवला, असे चालत नाही. नोंदणीकृत फर्म असेल तर भागीदारी अधिनियम १९३२ प्रमाणे निबंधकाला सूचना, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील एका वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, बँकेला पत्र, जीएसटी नोंदणीत बदल, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे निवृत्त भागीदाराचा हिशेब पूर्ण चुकता. चालू ठेक्याच्या नफ्यातला वाटा 'बिल आल्यावर देऊ' असे लिहिले असेल, तर निवृत्ती कागदावरच राहिली.

थकबाकीकडे वळू. इथे पैशाची अडचण क्वचित असते, गोंधळ नोंदींचा असतो. घर, दुकान, गोदाम, मोकळा प्लॉट, नळजोडणी, गाळाभाडे, जाहिरात फलकाचे शुल्क, प्रत्येकाचे खाते वेगळे आणि विभाग वेगळा. दुकान विकत घेऊन दहा वर्षे झाली तरी कराच्या रजिस्टरला जुन्या मालकाचे नाव असते. वडिलांच्या नावावरचे घर वाटणीत आले, पण फेर नोंदवला नाही. नगरपरिषदेत बिल सादर झाल्यानंतरची थकबाकी अपात्रतेला पुरते. ग्रामपंचायतीत बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरणा झाला नाही तर, आणि महापालिकेत विशेष नोटीस बजावल्यानंतर तीन महिन्यांत भरणा झाला नाही तर अपात्रता येते. आकारणीवर हरकत घेतली म्हणून कर रोखून धरणारे व्यापारी बरेच आहेत. तत्त्वाने ते बरोबर असतीलही. पण उभे राहायचे असेल तर हरकत कायम ठेवून, तसे पावतीसोबतच्या पत्रात लिहून, रक्कम भरून मोकळे व्हावे. थकबाकी नसल्याचा दाखला एकाच खिडकीवरून घेऊन निश्चिंत होऊ नये. कर विभागाच्या दाखल्यात पाणीपट्टी धरलेली नसते, आणि मार्केट विभागाचे रजिस्टर तर बहुतेक वेळा तिसऱ्याच टेबलावर असते. स्वतःच्या सगळ्या मालमत्ता क्रमांकांची यादी करून प्रत्येक क्रमांकापुढे शेवटच्या पावतीचा क्रमांक व तारीख लिहावी. ती एक पानाची यादी छाननीच्या दिवशी फार कामाला येते.

बांधकामाचा मुद्दा व्यापाऱ्याला सहसा निवडून आल्यावर भोवतो. इमारतीच्या सामासिक अंतरात (भोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) टाकलेला पत्रा, तळघरातील पार्किंगमध्ये केलेले गोदाम, दुकानात चढवलेला पोटमाळा, गटारावर बांधलेला ओटा, हॉटेलच्या गच्चीवरचे शेड. वर्षानुवर्षे कोणी हटकत नाही, म्हणून ते आपलेच वाटू लागते. नगरपरिषद व महापालिकेच्या कायद्यात सदस्याने, त्याच्या पती-पत्नीने किंवा अवलंबून असलेल्याने केलेले अनधिकृत बांधकाम हे सदस्यपद जाण्याचे कारण आहे. ग्रामपंचायतीत सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण हे कारण आहे, आणि तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अतिक्रमण मुळात कुटुंबातील दुसऱ्याने केलेले असले तरी सदस्य त्याचा वापर चालू ठेवत असेल तर तो सुटत नाही. त्यामुळे उमेदवारीचा विचार मनात आला की मंजूर नकाशा बाहेर काढावा, वास्तुविशारदाला बरोबर घेऊन प्रत्येक मजला मोजावा. जे नियमित होऊ शकते त्याचा प्रस्ताव दाखल करावा, जे होऊ शकत नाही ते स्वतः पाडावे आणि पाडल्याचे फोटो व पत्र पालिकेत देऊन पोच घ्यावी.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण व्यापाऱ्याची मालमत्ता पगारदारासारखी एका ओळीत मावत नाही. प्रोप्रायटरी धंद्यातील साठा, येणी, देणी. भागीदारी फर्ममधील भांडवल खाते. खासगी कंपनीचे शेअर. एकत्र कुटुंबाची मालमत्ता. आणि पती-पत्नी व अवलंबितांचे तेच सगळे. घोळ होतो तो आकडे तीन ठिकाणी तीन प्रकारचे असल्याने. प्राप्तिकर विवरणपत्रासोबतच्या ताळेबंदात जागा खरेदी किमतीला असते. बँकेला कॅश क्रेडिटसाठी (खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी) दिलेल्या नक्त मालमत्तेच्या दाखल्यात तीच जागा बाजारभावाने दाखवलेली असते. शपथपत्रात तिसराच आकडा पडतो. तिन्ही कागद शेजारी ठेवून फरकाचे कारण सांगता येईल, अशीच रक्कम लिहावी. शपथपत्रात जिथे बाजारभाव विचारला आहे तिथे तोच द्यावा, पुस्तकी किंमत देऊन 'खरेच आहे की' असे म्हणू नये. मित्राच्या कर्जाला दिलेली वैयक्तिक हमी, विभागाने काढलेली कराची मागणी, वादातील देणी हेही देण्यांच्या रकान्यांत काय विचारले आहे ते वाचून लिहावे. रकाना कोरा सोडू नये. काही नसेल तर 'नाही' किंवा 'लागू नाही' असे अक्षरात लिहावे. सूचना देऊनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे.

खटल्यांच्या रकान्यात व्यापारी हमखास चुकतो. न वटलेल्या धनादेशाचा खटला त्याला धंद्यातला व्यवहार वाटतो, गुन्हा वाटत नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे लक्षात घेतले की तो खटला शपथपत्राबाहेर ठेवणे किती धोक्याचे आहे ते कळते. मध्य प्रदेशातील एका नगर परिषदेच्या नगरसेविकेने याच कलमाखालील शिक्षा शपथपत्रात उघड केली नव्हती. तिची निवड रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती कायम केली. वजनमापे, अन्नसुरक्षा, कामगार कायदे, प्रदूषण यांखालील फिर्यादीही अशाच विसरल्या जातात. समन्स मॅनेजरने घेतलेले असते आणि दंड भरून विषय मिटला असे मालकाला वाटत असते. फर्मच्या व संचालकाच्या नावाने न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा आणि प्रत्येक प्रकरणाची आजची स्थिती कागदावर आणावी.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न घरात आधी सोडवावा. निवडणूक खर्च हा धंद्याचा खर्च नाही. त्याची वजावट मिळत नाही, आणि बॅनर, टी-शर्ट, मंडप यांच्या बिलांवर फर्मचा जीएसटी क्रमांक टाकून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेणे सरळ चुकीचे आहे. खासगी कंपनी राजकीय पक्षाला देणगी देऊ शकते, त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव व इतर अटी आहेत. पण संचालकाच्या स्वतःच्या प्रचाराचा खर्च कंपनीच्या खात्यातून करणे म्हणजे त्याला उचल देणे होय, आणि संचालकांना कर्ज देण्यावर कंपनी कायद्यात कडक बंधने आहेत. उचल प्राप्तिकरात लाभांश धरली जाण्याचा धोका वेगळाच. पगार किंवा लाभांश रीतसर घ्यावा, त्यावर कर भरावा आणि मग तो पैसा निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात आणावा. भागीदारीत उचल करण्यापूर्वी इतर भागीदारांची लेखी संमती घ्यावी. त्यांचा राजकीय कल दुसरा असू शकतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. कॅश क्रेडिटच्या मर्यादेला हात लावू नये. ते पैसे मालासाठी दिलेले असतात. स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल नाही आणि खाते मर्यादेला टेकलेले, असे दिसले की बँक विचारणारच.

त्याहून मोठे नुकसान खर्चाच्या वहीत दिसतच नाही. निवडणुकीच्या वर्षी उधारी वसूल होत नाही. मतदाराच्या दारात वसुलीला माणूस पाठवायला मालकाचे मन होत नाही, आणि ग्राहकालाही हे ठाऊक असते. ज्याची येणी साठ दिवसांत फिरतात त्याची शंभरच्या पुढे जातात, घाऊक व्यापाऱ्याचे देणे मात्र ठरल्या तारखेलाच येते. दुसऱ्या पक्षाला मानणारा गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातो, तोही काही लगेच परत येत नाही. जो या काळात किमान तीन महिन्यांचे पगार, भाडे आणि हप्ते प्रचाराच्या पैशाला न शिवता बाजूला ठेवू शकत नाही, त्याने उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रचारात धंद्याची साधने वापरली की ती फुकट धरली जात नाहीत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे दरपत्रक असते; त्यात खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, वाहन, चहा यांचे दर दिलेले असतात. स्वतःचा टेम्पो वापरला तरी त्याचे भाडे त्या दराने खर्चात येते, आणि टेम्पोला परवानगी घ्यावी लागते ती वेगळी. दुकानातली माणसे प्रचारात फिरली तर त्यांची मजुरी खर्चात धरावी. त्यांना 'उद्यापासून सगळ्यांनी प्रचाराला यायचे' असे फर्मान काढणे तर गैरच. ज्याच्या हातात पगार आहे त्याने मतासाठी दबाव आणणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे निवडणुकीतील गैरवाजवी प्रभावाचा विषय होऊ शकतो. दुकानाच्या वर्धापनदिनाची सवलत योजना, ग्राहकांना भेटवस्तू, मालकाच्या फोटोचे नवे फलक हे सगळे आचारसंहितेच्या आधी आवरते घ्यावे. त्या काळात ते लाच किंवा छुपा प्रचार म्हणून तक्रारीत येते. छपाईच्या प्रत्येक कागदावर मुद्रक, प्रकाशक व प्रतींची संख्या हवी. प्रेस स्वतःची असेल तर दुप्पट काळजी.

रोजचा खर्च रोज लिहावा आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब सादर करावा. हे हरलेल्यालाही लागू आहे, बिनविरोध आलेल्यालाही. वर्षभर लेखापरीक्षण करून घेणारा व्यापारी हरल्याच्या निराशेत हा एक हिशेब द्यायचा विसरतो आणि राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाने पुढच्या निवडणुकीलाही मुकतो. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सगळी बिले लेखापालाच्या ताब्यात द्यावीत.

आरक्षणाची सोडत हा व्यापाऱ्याच्या गणितातला दुसरा धक्का. दोन वर्षे प्रभाग बांधला आणि सोडतीत तो महिलांसाठी राखीव झाला, की घरातील स्त्रीचे नाव पुढे येते. राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत, आणि त्या कोणाच्या तरी ऐवजी बसण्यासाठी दिलेल्या नाहीत. धंद्यात वर्षानुवर्षे काउंटर, वही आणि माणसे सांभाळणाऱ्या स्त्रिया उत्तम नगरसेविका होतात. त्यांनी स्वतः ठरवून, स्वतः विषयपत्रिका वाचून सभागृहात बोलावे. पतीने उभे करून पतीनेच कारभार करणे हा मतदारांचा अपमान आहे. शिवाय व्यवहार म्हणून पाहिले तरी त्यातून काही लपत नाही: पत्नीच्या शपथपत्रात पतीची मालमत्ता येतेच, आणि पतीच्या ठेक्यात तिचा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे का हा प्रश्न उभा राहतोच.

पक्षाकडून लढायचे की अपक्ष, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र माहीत असावे की पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म मुदतीच्या शेवटच्या तासापर्यंत हातात पडेलच असे नाही. आणि अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर पक्षात शिरणे १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली पद घालवू शकते.

निवडून आल्यावर 'धंदा चालवला तसे शहर चालवू' ही भाषा पहिल्या सर्वसाधारण सभेतच अडते. नगरपरिषदेत प्रशासन मुख्याधिकाऱ्याकडे असते. सदस्य ठराव करतो, काम करून घेण्याचा आदेश देत नाही. अंदाजपत्रकात तरतूद, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, ई-निविदा, कार्यादेश या पायऱ्या टाळता येत नाहीत, आणि ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याला स्थगिती देऊ शकतात. दुकानात फायदा झालेल्या खात्यातला पैसा तोट्यातल्या खात्यात वळवता येतो. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी व स्वच्छतेसाठी आला असेल तर त्यातून बाजारपेठेतला रस्ता होत नाही. जकात गेली, ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) ऑगस्ट २०१५ मध्ये गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता संस्थेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः मालमत्ता कर व पाणीपट्टीच राहिली आहे. म्हणून 'कर कमी करू' असे आश्वासन देण्याआधी व्यापाऱ्याने आपल्या नगरपरिषदेची मागील तीन अंदाजपत्रके वाचावीत. आस्थापना खर्च, वीज बिल आणि कर्जाचे हप्ते वजा जाता काय उरते ते पाहावे. ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाकडून सभागृहाला हीच अपेक्षा आहे.

धंद्याच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, हेही आधीच ठरवावे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याची जीएसटीची ११ आणि २० तारीख प्रचारात थांबत नाही. पोर्टलवरील अधिकृत स्वाक्षरीकर्ता, ओटीपी जाणारा मोबाइल, बँकेतील सह्यांचे अधिकार, अन्न परवान्यावरील जबाबदार व्यक्ती हे सगळे निवडणुकीआधी सहा महिने बदलून, नवा माणूस हे काम करतो आहे ना ते पाहावे. नाव बदलले आणि प्रत्येक ओटीपीसाठी फोन मालकालाच येत राहिला, तर सभेला बसलेला सदस्य अर्धा दुकानातच असतो. आपल्या फर्मचा, भागीदाराचा विषय सभेत आला तर आधी हितसंबंध सांगून चर्चा व मतदान या दोन्हींपासून दूर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. चर्चेत एखादा प्रश्न विचारणेही अंगाशी येते. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याच्या परवान्याचा विषय असेल तेव्हाही बाजूला होणे शोभते. सगळ्याच ठिकाणी कायदा तेवढे सांगत नाही, तरीही.

ज्याचे कागद कच्चे असतात, त्याची किंमत तो एकटा भरत नाही. निवडीला आव्हान देणारा अर्ज नगरपरिषदेत सदस्यांची नावे राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून व महापालिकेत निकालानंतर १० दिवसांत आणि ग्रामपंचायतीत १५ दिवसांत करता येतो, आणि नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्याच्या अपात्रतेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नंतरही जाऊ शकते. तोवर प्रभागाचा प्रतिनिधी कोर्टाच्या पायऱ्या चढत असतो. डिसेंबर २०२५ मध्ये उमेदवारी अर्जांवरील अपिलांमुळे काही ठिकाणी २ तारखेचे मतदान २० तारखेवर गेले. त्यात सगळ्याच उमेदवारांचा खर्च वाढला आणि लोकांचा खोळंबा झाला.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या संपत्तीचे एकूण आकडे आपण ठळक छापता. त्यासोबत आणखी एक चौकट द्यावी: उमेदवार व त्याच्या कुटुंबाच्या फर्म कोणत्या, त्या फर्मना संबंधित संस्थेने मागील तीन वर्षांत दिलेली कामे कोणती, त्यांपैकी कोणत्या कामांची दोषदायित्वाची मुदत अजून चालू आहे, आणि कराची थकबाकी किती. शपथपत्रे जाहीर असतात, कामांची माहिती माहिती अधिकारात मिळते; पण ती आचारसंहितेच्या बरीच आधी मागवून ठेवावी लागेल. मतदानाच्या आदल्या दिवशी ती छापून फारसा उपयोग नाही. छाननी आणि अर्ज माघारीची मुदत यांच्या दरम्यान ती आली, तर ज्याला आपले प्रकरण निस्तरत नाही असे दिसते, त्याला अर्ज मागे घ्यायला वेळ राहतो.

आपला,
एक करसल्लागार